वारसा आणि बोजा : स्टॉकहोमच्या भाषणाचे पक्षीय वाचन

१

राजकीय नेत्याच्या निधनानंतर त्याच्या नावाभोवती जो 'वारसा' उभा राहतो, त्याची चर्चा सामान्यतः इतिहासकार किंवा राज्यशास्त्रज्ञ करतात. साहित्यसमीक्षेचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होणे म्हणूनच स्वाभाविक आहे. परंतु वारसा म्हणून प्रत्यक्षात जे पुढे ठेवले जाते, ते बहुतेक वेळा एखादी संहिताच असते : एखादे भाषण, त्यातील एक सुटे वाक्य, एखाद्या कायद्याचे शीर्षक, कोनशिलेवरचा मजकूर. या संहितेवर हक्क सांगणारा पक्ष ती वाचतो, तिच्यातील काही भाग उचलतो, काही गाळतो आणि उरलेल्याला नवा संदर्भ देतो. म्हणजेच वारशाचा दावा हा मुळात अर्थनिर्णयनाचा व्यवहार असतो. तो किती प्रामाणिक आहे, हे तपासण्याची साधने समीक्षेजवळ आहेत. आणि त्या तपासणीवर केवळ एका नेत्याची प्रतिमा नाही, तर जंगले, नद्या आणि त्यांच्या आश्रयाने जगणारी माणसे यांचे भवितव्यही काही अंशी अवलंबून आहे.

इंदिरा गांधी यांच्या पर्यावरणविषयक वारशाचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे व्याघ्रप्रकल्पाची पन्नास वर्षे साजरी झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्या दिवशी सकाळी बंदीपूरच्या अभयारण्याला भेट दिली आणि नंतरच्या समारंभात २०२२ च्या गणनेतील वाघांची किमान संख्या ३१६७ असल्याचे जाहीर केले. निसर्गरक्षण हा भारतीय संस्कृतीचाच भाग आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. त्याच दिवशी काँग्रेसच्या वतीने जयराम रमेश यांनी टीका केली की पन्नास वर्षांच्या प्रकल्पाचे सारे श्रेय पंतप्रधान घेतील, मात्र पर्यावरण, वने, वन्यजीव आणि वनवासी समूह यांच्या रक्षणासाठी झालेले कायदे मोडीत काढले जात आहेत. कर्नाटक विधानसभेचे मतदान महिन्यावर आले होते. एका बाजूला संस्थापकाचे नाव वगळून संस्कृतीला दिलेले श्रेय, दुसऱ्या बाजूला संस्थापकाच्या नावाची आठवण : वारशाच्या वादाची ही परिचित मांडणी आहे. या दोन्ही वाचनांत मूळ संहितेचे काय होते, हा येथे विचाराचा विषय आहे.

२

ही मूळ संहिता म्हणजे १४ जून १९७२ रोजी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेपुढे झालेले भाषण. यजमान देशाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे वगळता त्या परिषदेला उपस्थित राहिलेल्या इंदिरा गांधी या एकमेव शासनप्रमुख होत्या. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अभयारण्यांत बंदीपूर आणि कॉर्बेट यांच्याबरोबर महाराष्ट्रातील मेळघाटही होते. पुढे १९७४ चा जलप्रदूषणविषयक कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८१ चा वायुप्रदूषणविषयक कायदा आणि त्याच वर्षी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामे टाळण्याविषयी लिहिलेले पत्र, असा क्रम आहे. १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना या पत्राच्या दिशेनेच पुढे आली. या सर्व कृतींचे वैचारिक प्रास्ताविक म्हणून स्टॉकहोमच्या भाषणाकडे पाहिले जाते.

या भाषणातील एकच वाक्य जगभर गाजले आणि तेही चुकीच्या रूपात. 'दारिद्र्य हाच सर्वांत मोठा प्रदूषक आहे' असे विधान इंदिरा गांधींच्या नावावर वारंवार नोंदवले जाते. मूळ भाषणात असे विधान नाही. तेथे प्रश्न आहे : दारिद्र्य आणि गरज हे सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत काय, असा. या प्रश्नाआधी श्रीमंत राष्ट्रांविषयीची तक्रार येते. ही राष्ट्रे एकीकडे आमच्या दारिद्र्याकडे नाक मुरडून पाहतात आणि दुसरीकडे ज्या मार्गाने ती स्वतः संपन्न झाली त्याच मार्गाविषयी आम्हांला सावध करतात, असा तिचा आशय आहे. आजच्या प्रगत देशांपैकी अनेकांची समृद्धी इतर वंशांवरील आणि देशांवरील वर्चस्वातून आली, याचीही आठवण हे भाषण करून देते. सर्व समस्यांचे खापर वाढत्या लोकसंख्येवर फोडणे म्हणजे अतिसुलभीकरण होय, कारण अल्प लोकसंख्येचे देशच जगातील खनिजे आणि इंधन यांचा मोठा वाटा वापरतात, असेही त्यात म्हटले आहे.

प्रश्न आणि विधान यांतील हा फरक किरकोळ वाटण्याचा संभव आहे. नकारार्थी प्रश्नातून होकारच सुचवला जातो, तेव्हा अर्थ तोच राहतो, असे कोणी म्हणेल. परंतु भारतीय काव्यशास्त्राने या फरकाची दखल फार पूर्वी घेतलेली आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगताना वक्ता, बोद्धव्य, काकू, प्रस्ताव, देश आणि काल यांचा निर्देश केला आहे. शब्द तेच राहूनही बोलणारा, ऐकणारा, स्वराचा हेल किंवा प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ बदलतो, हे त्यामागील तत्त्व आहे. स्टॉकहोमचे वाक्य हा काकुप्रश्न आहे. त्याचा बोद्धव्य, म्हणजे ज्याला उद्देशून ते उच्चारले गेले तो श्रोता, श्रीमंत राष्ट्रांचा प्रतिनिधी आहे. प्रस्ताव आहे तो पर्यावरणरक्षणाचा खर्च कोणी सोसावा या वादाचा. या चौकटीत वाक्याचा व्यंग्यार्थ असा होतो की दारिद्र्य दूर करण्याची जबाबदारी टाळून निसर्गरक्षणाचा उपदेश करता येणार नाही. आरोपाचा रोख संपन्नांवर आहे. दरिद्री माणूस येथे साक्षीदार म्हणून येतो.

काकू पुसून टाकला आणि बोद्धव्य बदलला की याच शब्दांचा रोख उलटतो. हेच वाक्य देशांतर्गत व्यासपीठावर, विधानाच्या रूपात, एखाद्या खाण वा धरण प्रकल्पाच्या समर्थनार्थ उच्चारले तर त्याचा अर्थ असा होतो की गरीब हेच निसर्गाचे नाश करणारे आहेत, म्हणून आधी विकास होऊ द्यावा आणि जंगलांचे मागाहून पाहावे. मराठीत हे वाक्य अनेकदा 'गरिबी हेच सर्वांत मोठे प्रदूषण' असे येते. त्यात आणखी एक बदल होतो. 'प्रदूषक' हा कर्ता आहे, 'प्रदूषण' ही स्थिती आहे. कर्त्याचा प्रश्न नाहीसा झाला की कोणामुळे हे झाले, हे विचारण्याचे कारणही उरत नाही.

अर्थात, हा उलटा अर्थ नंतरच्या वाचकांनी शून्यातून निर्माण केला, असे म्हणणे संहितेवर अन्याय करणारे होईल. प्रश्नानंतर लगेच येणारे उदाहरण आदिवासींचे आहे. जंगलात आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना रोजगार आणि क्रयशक्ती मिळाल्याखेरीज अन्नासाठी जंगल धुंडाळण्यापासून, शिकारीपासून आणि झाडोऱ्याच्या नाशापासून त्यांना परावृत्त करता येणार नाही, असे भाषणात म्हटले आहे. येथे सहानुभूती आहे, परंतु आदिवासी हा ज्ञानाचा धनी म्हणून येत नाही. तो उपाययोजनेचा विषय म्हणून येतो. जंगल राखण्याची त्याची स्वतःची काही रीत असू शकेल, ही शक्यता भाषणाच्या कक्षेबाहेर राहते. वर्षही उलटले नाही तोच, एप्रिल १९७३ मध्ये, चमोली जिल्ह्यातील मंडल गावच्या लोकांनी व्यापारी तोडीविरुद्ध झाडांना मिठी मारण्याचा निर्धार केला आणि 'चिपको'ची सुरुवात झाली. स्टॉकहोमच्या संहितेला मिळालेले हे पहिले मोठे उत्तर होय. ज्यांच्याविषयी प्रश्न विचारला गेला होता, ते स्वतः जंगलाच्या बाजूने उभे राहिले होते.

३

आता या संहितेच्या पक्षीय वाचनांकडे वळता येईल.

काँग्रेसच्या वाचनाचा सर्वांत व्यासंगी आविष्कार म्हणजे जयराम रमेश यांचे 'इंदिरा गांधी : अ लाइफ इन नेचर' हे २०१७ साली, म्हणजे इंदिरा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झालेले पुस्तक. लेखक २००९ ते २०११ या काळात पर्यावरण खात्याचे मंत्री होते, ही गोष्ट या वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पत्रे, टिपणे आणि सरकारी फायलींवरील शेरे यांच्या आधारे हे पुस्तक एक निसर्गप्रेमी व्यक्तिमत्त्व उभे करते. सालिम अली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांशी असलेला स्नेह, झाडापाखरांविषयीचे कुतूहल, अधिकाऱ्यांना पाठवलेल्या सूचना यांतून शासनाच्या निर्णयांना एक आंतरिक प्रेरणा लाभते. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत ही चरित्रात्मक समीक्षेची पद्धती आहे : कृतीचा अर्थ कर्त्याच्या मनात शोधावयाचा. तिचा लाभ उघड आहे. दुर्लक्षित दस्तऐवज प्रकाशात येतात आणि निर्णयांमागचे मतभेद, तडजोडी, विलंब यांचीही नोंद होते.

तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. प्रेरणा व्यक्तीच्या स्वभावात ठेवली की वारसा रक्ताच्या आणि पक्षाच्या वाटेने पुढे नेणे सोपे जाते. मग अनेक हातांनी घडलेली कृती एका नावाखाली जमा होते. 'लेखक' हे नाव विखुरलेल्या लेखनाला एकत्र बांधण्याचे आणि त्याच्या अर्थाला सीमा घालण्याचे कार्य करते, हे मिशेल फूको यांनी १९६९ साली मांडलेले सूत्र राजकीय नावालाही लागू पडते. नेत्याचे नाव हे येथे लेखकनामासारखे वागते.

केरळातील सायलेंट व्हॅलीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कुंती नदीवर जलविद्युत प्रकल्प बांधण्याची योजना होती. त्याविरुद्धची चळवळ केरळ शास्त्र साहित्य परिषदेने आकडेवारी, पुस्तिका आणि व्याख्याने यांच्या बळावर उभी केली. सुगतकुमारी आणि ओ. एन. व्ही. कुरुप यांच्यासारखे कवी तीत उतरले. सुगतकुमारींची झाडाची स्तुती करणारी कविता चळवळीचे गाणे बनली. सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांचा शब्द दिल्लीपर्यंत पोहोचला. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रश्नाची छाननी केली आणि १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी, म्हणजे इंदिरा गांधींच्या हत्येनंतर पंधरवड्याने, राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली. सप्टेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

'इंदिरा गांधींनी सायलेंट व्हॅली वाचवली' या वाक्यात हा सर्व तपशील गडप होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आणखी एक गोष्ट गडप होते. केरळातील दोन्ही आघाड्यांची सरकारे प्रकल्पाच्या बाजूची होती, आणि १९८३ साली तेथे मुख्यमंत्री होते काँग्रेसचेच के. करुणाकरन. म्हणजे ज्या निर्णयाचा वारसा पक्ष आज सांगतो, तो निर्णय पक्षाच्या राज्यशाखेची इच्छा बाजूला सारून घेतलेला होता. या घटनेतून काही वारसा मिळावयाचा असेल तर तो स्वपक्षाच्या मुख्यमंत्र्याला नकार देण्याच्या तयारीचा आहे. पश्चिम घाटासंबंधी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० साली नेमलेल्या समितीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला, तेव्हा केंद्रात काँग्रेसच्याच नेतृत्वाखालील सरकार होते. तो अहवाल लोकांपुढे येण्यास २०१२ साल उजाडले, आणि घाटातील राज्यांनी, काँग्रेसचे मुख्यमंत्री असलेल्या राज्यांसह, त्याला विरोध केला. नकाराची ती तयारी वारशात आलेली नव्हती, एवढे यावरून स्पष्ट होते.

४

भारतीय जनता पक्षाचे वाचन वेगळ्या पद्धतीचे आहे. त्यात लेखकनाम वगळले जाते आणि संहितेचे मूळ परंपरेत शोधले जाते. व्याघ्रप्रकल्प पुढे चालतो, वाघांच्या वाढत्या संख्येचा अभिमानही व्यक्त होतो. परंतु त्यामागची प्रेरणा भूमीला माता मानणाऱ्या प्राचीन दृष्टीची आहे, असे सांगितले जाते. कर्ता व्यक्ती नसून संस्कृती आहे, असे म्हटले की वारसाहक्काचा वादच मिटतो, कारण संस्कृतीचा वारस प्रत्येकालाच होता येते. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनो येथे नामिबियातील चित्ते सोडण्यात आले, तेव्हा आधीच्या दशकांत काही सार्थ प्रयत्न झाले नाहीत असे सांगण्यात आले. त्यावर काँग्रेसने २००९ सालचे आपल्या मंत्र्याचे पत्र पुढे केले. येथे वाद पत्राच्या तारखेचा दिसतो. त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो संहितेला आरंभबिंदू कोठे द्यावयाचा, हा.

या वाचनातील विसंगती अशी की ज्या परंपरेच्या नावाने इंदिरा गांधींचे नाव बाजूला ठेवले जाते, ती परंपरा स्टॉकहोमच्या भाषणात आधीच हजर आहे. अशोकाने प्राण्यांच्या आणि वनांच्या रक्षणासाठी काढलेल्या आज्ञांचा उल्लेख तेथे आहे. अथर्ववेदातील पृथ्वीसूक्तातल्या प्रार्थनेचा आधारही तेथे घेतलेला आहे. भूमीतून जे खणून काढले ते पुन्हा लवकर भरून येवो, तिच्या मर्मावर घाव न पडो, असा तिचा आशय. परंतु स्टॉकहोमच्या संहितेत ही प्रार्थना अभिमानाचे चिन्ह म्हणून येत नाही. खणणे अटळ आहे हे मान्य करून खणणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली ती मर्यादा आहे. संस्कृतीच्या नावाने तिचा पुनरुच्चार करताना अभिमान ठेवला आणि मर्यादा सोडली, तर प्रार्थनेचे केवळ शीर्षक उरते.

शीर्षकाचा हा प्रश्न २०२३ साली शब्दशः पुढे आला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि १ डिसेंबर २०२३ पासून ती अमलात आली. कायद्याचे नाव बदलून 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८०' असे झाले. नाव नवे आणि वर्ष जुने, ही रचना लक्षणीय आहे. नव्या नावात 'संवर्धन' हा शब्द स्वतंत्रपणे आला. मजकुरात मात्र संरक्षणाची व्याप्ती आटली. आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील, राष्ट्रीय महत्त्वाच्या रेषीय प्रकल्पांसाठी लागणाऱ्या जमिनींना सूट मिळाली आणि 'वन' या शब्दाची कक्षा प्रामुख्याने नोंदींपुरती राखली गेली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला होता, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. फेब्रुवारी २०२४ मधील अंतरिम आदेशाने न्यायालयाने तोच अर्थ तूर्त पुढे चालू ठेवण्यास सांगितले. एका शब्दाचा अर्थ कोशाने ठरवावा की दप्तराने, असा हा वाद आहे. आणि अर्थनिर्णयन हा केवळ वर्गातील व्यायाम नाही याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल. त्या अर्थावर हजारो हेक्टर जमिनीचे जंगल असणे किंवा नसणे ठरते.

मूळ कायद्याचे मर्म लहान होते. वनजमीन इतर कामासाठी वापरण्यापूर्वी राज्याने केंद्राची पूर्वसंमती घ्यावी, एवढेच त्यात सांगितले होते. त्याचे सामर्थ्य त्यातील अडवण्याच्या तरतुदीत होते. ती तरतूद सैल करून वर्ष आणि अभिमान जपणे हा नाव पुसण्याहून अधिक सूक्ष्म असा संपादनाचा प्रकार आहे.

५

आतापर्यंत पाहिलेल्या दोन्ही वाचनांत संहितेचा एक मोठा भाग कोणीच उचललेला नाही. १९७६ सालची बेचाळिसावी घटनादुरुस्ती आणीबाणीत झाली. तिनेच घटनेत ४८-अ हे कलम आणि ५१-अ मधील पर्यावरणरक्षणाचे कर्तव्य आले. वने आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत गेले. त्याच दुरुस्तीने न्यायालयांचे अधिकार संकुचित केले. त्याच वर्षी दिल्लीत शहरसौंदर्याच्या नावाखाली वस्त्या पाडल्या गेल्या आणि १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. लोकसंख्येवर सर्व खापर फोडणे हे अतिसुलभीकरण आहे, असे १९७२ साली जगाला सांगणाऱ्या वक्त्याच्या राजवटीत चारच वर्षांनी हे घडले. स्टॉकहोममधील दरिद्री साक्षीदार आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. बोद्धव्य बदलण्याची क्रिया नंतरच्या पक्षांनी सुरू केली असे नाही. ती मूळ वक्त्याच्या कारकिर्दीतच सुरू झालेली होती.

काँग्रेसचे वाचन या प्रकरणाला पर्यावरणाच्या कथेबाहेर ठेवते. भारतीय जनता पक्षाचे वाचन आणीबाणीचे स्मरण आवर्जून करते, पण त्या काळात आलेल्या पर्यावरणविषयक तरतुदींचा तिच्याशी असलेला संबंध सांगत नाही. एकाला पुण्य हवे आहे, दुसऱ्याला पाप. दोन्ही एकाच दस्तऐवजात नांदतात हे दोघांनाही अडचणीचे आहे.

या दस्तऐवजाचे एक समंजस वाचन मात्र झालेले आहे आणि ते जनता पक्षाच्या राजवटीत झाले. १९७७ आणि १९७८ सालच्या त्रेचाळिसाव्या व चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्त्यांनी बेचाळिसाव्या दुरुस्तीतील अनेक दमनकारी तरतुदी रद्द केल्या, परंतु ४८-अ आणि पर्यावरणविषयक कर्तव्य तसेच ठेवले. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेली माणसे त्या सरकारात होती. मजकूर कोणाचा आहे यावरून त्यांनी तो टाकून दिला नाही आणि कोणाचा आहे म्हणून स्वीकारलाही नाही. पुढे न्यायालयांनी या कलमांना जीविताच्या हक्काशी जोडले. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क मान्य केला, तेव्हाही याच कलमांचा आधार होता. याचिकाकर्ते होते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या घडणीत सहभागी असलेले एम. के. रणजितसिंह. लेखकाचे नाव न घेता आणि त्याचा दोष न लपवता संहिता जिवंत ठेवता येते, हे या उदाहरणावरून दिसते.

६

वारसा या शब्दाचा मराठी व्यवहारातील अर्थ येथे साहाय्यक ठरतो. शेतजमिनीचा मालक मृत्यू पावला की वारसांची नोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या रकान्यात नवी नावे चढतात. त्याच उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. त्यात कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, वहिवाटीची वाट यांची नोंद असते. नाव बदलले म्हणून बोजा उतरत नाही. धर्मशास्त्रही या बाबतीत कठोर होते. 'याज्ञवल्क्यस्मृती' आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' पित्याचे ऋण फेडण्याचे दायित्व पुत्रावर टाकतात. अपवाद ठेवतात तो मद्य, द्यूत, काम आणि न भरलेला दंड यांसारख्या देण्यांचा. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने हे धार्मिक दायित्व पुढील काळापुरते संपुष्टात आणले. राजकीय पक्षांनी ते त्याच्या बरेच आधी संपवले होते. नेत्याच्या नावावरील मिळकत घ्यावयाची आणि आणीबाणी, विस्थापन, जंगलातून हुसकलेली गावे यांना 'न भरलेला दंड' समजून सोडून द्यावयाचे, अशी ही सोय आहे.

स्टॉकहोमच्या संहितेवरील सर्वांत मोठा बोजा आदिवासींचा आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ अभयारण्यांपैकी मेळघाट हे कोरकूंचे घर होते. वाघ राखण्याचा निर्णय आवश्यक होता, यात शंका नाही. १९७२ च्या गणनेत देशभर सुमारे १८२७ वाघ उरल्याचे आढळले होते. परंतु त्या निर्णयाची किंमत प्रामुख्याने ज्यांनी मोजली, त्यांना निर्णयात आवाज नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द आले, ही त्या बोजाची उशिरा झालेली अधिकृत नोंद होय.

तो फेडण्याचा एक प्रयत्न गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे दिसतो. या गोंड गावाने सहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि जंगलाचा अभ्यास यांची दीर्घ परंपरा घडवली. २००९ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा ते परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती देणारे मंत्री जयराम रमेशच होते. स्टॉकहोममध्ये ज्यांना रोजगार द्यावा म्हणजे ते जंगल तोडणार नाहीत असे म्हटले होते, ते येथे जंगलाचे व्यवस्थापक म्हणून परवाना देत होते. १९७२ च्या प्रश्नाला चमोलीनंतर मिळालेले हे दुसरे उत्तर आहे. इंदिरा गांधींचा वारसा म्हणून ही घटना सहसा सांगितली जात नाही, कारण तिच्यात नेत्याच्या नावाला जागा नाही आणि निर्णयाचा हक्क दिल्लीहून गावाकडे गेलेला आहे. तरीही संहितेच्या दृष्टीने पाहता, तिच्यातील प्रश्न प्रश्न म्हणून ऐकून त्याला कृतीने उत्तर देणारे वाचन हेच आहे.

यावरून वारशाच्या दाव्याची एक कसोटी सांगता येईल. दावा करणारा मूळ मजकुरातील प्रश्न शाबूत ठेवतो का, तो ज्याला विचारला होता त्यालाच विचारतो का, आणि त्या मजकुराने स्वतःवर घातलेली मर्यादा आपल्या पक्षाच्या सरकारलाही लावतो का, हे पाहावे लागेल. सायलेंट व्हॅलीचे नाव घेणाऱ्याने स्वतःच्या मुख्यमंत्र्याला अडवण्याची तयारी दाखवावी लागेल; पृथ्वीसूक्ताचे नाव घेणाऱ्याला खाणीच्या फायलीपुढे 'मर्म' या शब्दाचा अर्थ सांगावा लागेल. म्हैसूरच्या समारंभात आणि त्यावरील टीकेत वाघांच्या संख्येचा आणि श्रेयाचा हिशेब झाला. 'इतर हक्क' हा रकाना दोन्ही बाजूंनी कोराच राहिला असे म्हणता येणार नाही, कारण वनवासी समूहांसाठीच्या कायद्यांचा उल्लेख टीकेत तरी झाला होता. मात्र तो बोजा आपल्याही नावावर आहे, अशी नोंद कोणी केली नाही.